वर्षाला जेमतेम सतराशे किमी चालणारी गाडी: इंजिन ऑइल बदलू की राहू देऊ?

पेठेतला पाहुणा (धागाकर्ता)

मंडळी, घरात यावरून वाद पेटलाय, म्हणून इथे आलो.

गाडी २०१७ ची पेट्रोल वॅगनआर, एक लिटरचं इंजिन. आठ वर्षांत ३१ हजार किमी झालेत, त्यातले २४ हजार पहिल्या चार वर्षांतले. मग मी निवृत्त झालो, पुण्यात वनाजहून मेट्रो सुरू झाली आणि गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून बसली. आता आठवड्यातून एकदा भाजी, कधी डॉक्टर, कधी बँक. एका फेरीला तीन-चार किमी, त्याहून जास्त क्वचितच.

शेवटचं ऑइल १९ महिन्यांपूर्वी बदललं. त्यानंतर गाडी २,४०० किमी चाललीय. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, "काका, फुल सिंथेटिक टाका, इंजिन फ्लश करून, म्हणजे आतून धुऊन घ्या, साडेसहा हजारात सगळं बसेल." शेजारच्या सोसायटीतला माझा मित्र निवृत्त इंजिनिअर आहे. तो म्हणतो, दहा हजार किमी होईपर्यंत हात लावू नकोस, कंपनीला ऑइल खपवायचं असतं. पुस्तिकेत "१०,००० किमी किंवा १२ महिने, जे आधी होईल ते" असं छापलंय. त्यातल्या "जे आधी होईल ते" वर मित्राचा विश्वास नाही.

ऑइल मोजायच्या पट्टीवर पाहिलं तर ऑइल थेंबभरही कमी झालेलं नाही. रोज सकाळी न चुकता दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवतो, त्यामुळे इंजिन ठणठणीत असावं असं वाटतं.

तर बदलू का? बदललं तर कुठलं टाकू?

---

चहाटळ

तुमच्या मित्राशी सहमत. ऑइल काय दूध आहे नासायला? जमिनीखाली कोट्यवधी वर्षं पडून होतं, तुमच्या चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) १९ महिन्यांत काय होणार? साडेसहा हजारात घरच्यांना घेऊन महाबळेश्वरला जाऊन या. (ह. घ्या.)

---

मंदगती

माझी गाडीही अशीच उभी असते. मी दोन वर्षांनी बदलतो, आजवर काही बिघडलेलं नाही. ऑइल काळं झालं की बदलायचं, सोपा हिशोब.

---

शिल्लक_किती

काका, एक विचारते. ऑइल भरायच्या झाकणाची आतली बाजू पाहिलीत का? बॉनेट उघडा, झाकण फिरवून काढा आणि उलटं करून बघा. पिवळट पांढरं, घुसळलेल्या लोण्यासारखं काही चिकटलं असेल तर फोटो टाका.

---

पेठेतला पाहुणा

@शिल्लक_किती, आत्ताच पाहून आलो. आहे! झाकणाला ताकाच्या फेसासारखा पिवळट थर आहे. पुसला तर बोटाला चिकट लागला. पट्टीवरचं ऑइल मात्र तपकिरी आणि स्वच्छ दिसतंय. हेड गॅस्केट (इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं सील) गेलं की काय? आता झोप उडाली.

---

शिल्लक_किती

घाबरू नका. रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल, त्याच्या बाटलीत तेलाचा तवंग नसेल आणि पट्टीवरचं ऑइल दुधी दिसत नसेल, तर गॅस्केटचा संशय धरायचं कारण नाही. ही छोट्या फेऱ्यांची साय आहे. आणि पाणी-तेल मिक्सरसारखी घुसळतात, ती तुमची रोजची दहा मिनिटं. :)

---

काळे_सोने

मी एका तेल शुद्धीकरण कारखान्याच्या प्रयोगशाळेत अर्धं आयुष्य काढलं, बराच काळ वंगणतेलं तपासण्यातच. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

एक लिटर पेट्रोल जळलं की ढोबळमानाने एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक सगळं वाफ होऊन सायलेन्सरवाटे बाहेर जातं. सकाळी सायलेन्सरमधून थेंब पडताना पाहिले असतील, ते हेच. पण पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडा वायू खाली चेंबरमध्येही उतरतो. इंजिन गार असताना त्यातल्या वाफेचं गार धातूवर पाणी होतं आणि ते ऑइलमध्ये मिसळतं. पावसाळ्यातली दमट हवा ऑइल बिघडवते असा समज आहे, पण तिचा वाटा थोडा. बहुतेक ओल बाहेरून येत नाही, इंजिन स्वतःच बनवतं.

दुसरं म्हणजे पेट्रोल. गार इंजिनाला गाडीतला संगणक जास्त पेट्रोल पाजतो, पूर्वी चोक ओढायचो तसंच. ते सगळं जळत नाही. काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. पाणी आणि ज्वलनातले वायू मिळून आम्ल बनतं, म्हणून ऑइलमध्ये आम्ल मारणारी द्रव्यं घातलेली असतात. त्यांचा साठा मोजणाऱ्या आकड्याला बेस नंबर म्हणतात. वापरलेल्या ऑइलमध्ये तो घसरत जातो, आणि घसरण्याचा वेग किलोमीटरवर ठरत नाही. इंजिन किती वेळा गार चालू झालं आणि किती वेळा पुरतं तापलं, यावर ठरतो.

पुरतं तापणं म्हणजे काय? डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा किंवा निळा दिवा कूलंटचं सांगतो, ऑइलचं नाही. कूलंट पाच-सात मिनिटांत तापतं. ऑइलला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो आणि जागेवर उभ्या गाडीत तर ते फार हळू तापतं, कारण इंजिनावर भारच नसतो. ऑइल ८०-९० अंशांवर काही वेळ टिकलं की पाणी आणि पेट्रोल उडून जातं. तुमच्या चार किमीच्या फेरीत ते कधीच तिथे पोहोचत नाही. जागेवरच्या दहा मिनिटांत तर नाहीच.

@चहाटळ, बंद डब्यातलं ऑइल चार-पाच वर्षं सहज टिकतं. त्याबाबतीत तुमचं बरोबर. पण डब्यात ना पाणी पडतं, ना पेट्रोल, ना धूर. इंजिनातलं ऑइल म्हणजे विरजण लागलेलं दूध. मग ते फडताळात किती दिवस ठेवलं, याला अर्थ येतो.

@मंदगती, काळेपणावर जाऊ नका. चांगलं ऑइल काजळी स्वतःत धरून ठेवतं म्हणून काळं दिसतं, तेच त्याचं काम. उलट क्वचित चालणाऱ्या गाडीचं ऑइल मधासारखं सुंदर दिसत असतं आणि आत आम्ल साठलेलं असतं.

---

चहाटळ

विरजणाला +१. शब्द मागे घेतले. महाबळेश्वर मात्र कायम, घाट चढताना ऑइलही तापेल.

---

गॅरेज_नाशिक

वरच्या साहेबांनी शास्त्र सांगितलं, मी हातचं सांगतो.

"ऑइल थेंबभरही कमी झालं नाही" हे काकांना चांगलं लक्षण वाटतंय. गॅरेजमध्ये आम्ही हे ऐकलं की आधी पट्टीचा वास घेतो. प्रत्येक इंजिन थोडंफार ऑइल खातं. वर्ष-दीड वर्षात पट्टी तसूभर हलली नाही, म्हणजे जेवढं ऑइल गेलं तेवढं पेट्रोल आणि पाणी आत आलं असू शकतं. पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा भपकारा आला तर उत्तर मिळालं.

एक गिऱ्हाईक होते, शाळेत शिकवायचे. घर ते शाळा दोन किमी. वर्षभर पट्टी फुल. दिवाळीत सहकुटुंब कोल्हापूरला गेले, वाटेत पेट्रोल भरताना सहज पट्टी पाहिली तर खालच्या खुणेला. मला फोन, "अहो, इंजिन फुटलं!" फुटलं काही नव्हतं. रस्त्यावर ऑइल तापलं आणि उडायचं ते उडून गेलं. उरलं ते खरं ऑइल, आणि ते आधीपासूनच कमी होतं.

काका, फ्लश करू नका. जुना गाळ असेल तर फ्लशने ढेकळं सुटतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. साधं ऑइल आणि फिल्टर बदला. फार वाटलं तर पुढचं ऑइल सहा महिन्यांत बदला. गाळ हळूहळू निघू दे.

---

मंदगती

बरं, बदलायचं ठरलं. मग सिंथेटिकच टाका ना, ते दोन वर्षं चालतं. पैसे वसूल.

---

काळे_सोने

नाही हो. सिंथेटिकचा पाया चांगला असतो, उष्णतेत लवकर ऑक्सिडाइज होत नाही. जो माणूस वर्षाला तीस हजार किमी हायवेवर पळवतो, त्याला त्याचा फायदा. पण पाणी आणि पेट्रोल सिंथेटिकमध्येही तेवढंच पडतं. या गाडीला महाग ऑइल दोन वर्षं ठेवण्यापेक्षा पुस्तिकेतल्या दर्जाचं साधं ऑइल दर वर्षी बदलणं शहाणपणाचं.

---

फियाटवाला

मी जुन्या वळणाचा. आमच्या पद्मिनी गाडीला २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल घालायचो. उभ्या गाडीला जाडच ऑइल बरं, भागांना चिकटून राहतं. हे पाण्यासारखं पातळ ऑइल रात्रीत सगळं खाली उतरतं आणि सकाळी सुकं इंजिन फिरतं.

---

शिल्लक_किती

आजोबा, पद्मिनीला ते शोभायचं, तिच्या इंजिनातल्या फटी त्या मापाच्या होत्या. आताच्या इंजिनात फटी बारीक, ऑइलच्या वाटा बारीक. उतरायचं ते जाड ऑइलही आठ दिवसांत उतरतंच. आठ दिवसांनी स्टार्टर मारल्यावर पातळ ऑइल क्षणात वर कॅमशाफ्टपर्यंत (झडपा उघडणारा दांडा) पोहोचतं, जाड रेंगाळतं. गाडीची झीज त्या पहिल्या काही सेकंदांतच जास्त होते.

---

काळे_सोने

आता ग्रेडबद्दल, कारण दुकानात गेल्यावर काका गोंधळणार.

५डब्ल्यू-३० मधला "डब्ल्यू" हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा गारठ्यातल्या वागण्याचा. ५डब्ल्यूची स्टार्ट होण्याची चाचणी उणे ३० अंशांना घेतात, ०डब्ल्यूची उणे ३५ ला. पुण्यात जानेवारीतही पारा सात-आठच्या खाली क्वचितच जातो, त्यामुळे या दोघांत रात्र जागवण्याइतका फरक नाही. नंतरचा आकडा १०० अंशांना ऑइल किती दाट राहतं त्याचा. तो मात्र पाळायचा. पुस्तिकेत ३० सांगितलं असेल तर ३०. तिथे २० ला परवानगी नसेल तर नको. छोट्या फेऱ्यांत पेट्रोल मिसळून ३० चं ऑइल आपोआपच पातळ होत जातं, त्याला आणखी पातळ कशाला करायचं?

डब्यावर एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, ऑइलच्या श्रेणी ठरवणारी संस्था) गोल शिक्का पाहा. त्यात "एस" ने सुरू होणारी दोन अक्षरं पेट्रोलची, "सी" ने सुरू होणारी डिझेलची. एसएन २०१० ची, एसपी २०२० ची आणि त्याच्या पुढची एसक्यू २०२५ ची. नवी श्रेणी जुन्या गाडीला चालते, उलट नाही. तुम्हाला ५डब्ल्यू-३०, एपीआय एसपी पुरे. ब्रँडवरून भांडू नका. इंडियन ऑइलचं सर्वो, भारत पेट्रोलियमचं मॅक किंवा परदेशी नाव, श्रेणी आणि ग्रेड जुळली की झालं. बनावट डबा मात्र टाळा. खात्रीच्या दुकानातूनच घ्या, झाकणाचं सील बघा आणि रिकामा डबा भोसकूनच भंगारात टाका.

---

हॅम्बुर्गकर

वाचतोय, फार उपयोगी. माझा प्रश्न थोडा वेगळा. गाडी डोंबिवलीला आई-बाबांच्या घरी. मी वर्षातून एकदा डिसेंबरमध्ये येतो आणि महिनाभर चालवतो. बाकीचे अकरा महिने बाबा दर रविवारी पाच मिनिटं चालू करतात. मी आल्या आल्या ऑइल बदलतो. बरोबर ना?

---

गॅरेज_नाशिक

उलटं करा. आल्यावर नाही, निघायच्या दोन दिवस आधी बदला. आम्ल झालेलं ऑइल बेअरिंगवर अकरा महिने बसवून ठेवायचं आणि मग ताजं घालायचं, याला काय अर्थ? ताजं ऑइल घालून, एक चक्कर मारून, गरम करून गाडी उभी करा.

आणि बाबांना सांगा, रविवारचं व्रत सोडा. चालवायची तर वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर चालवा, नाहीतर चालूच करू नका. बॅटरीचीही हीच गत. स्टार्टरने जेवढं खाल्लं तेवढं पाच मिनिटांत भरून निघत नाही. अकरा महिने उभी राहणार असेल तर बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवा, नाहीतर छोटा मेंटेनन्स चार्जर लावा. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा. हँडब्रेक ओढू नका, पहिल्या गियरमध्ये ठेवा आणि चाकाखाली वीट लावा. पावसाळ्यात ब्रेकच्या पट्ट्या ड्रमला चिकटतात आणि मग गाडी हलत नाही.

---

हॅम्बुर्गकर

बाबांना आत्ताच फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी गाडी बिघडवत होतो का?" आता मी काय बोलू.

---

उंदीरनिवारण

अवांतर: उभ्या गाडीचा खरा शत्रू ऑइल नाही, उंदीर. माझ्या गाडीची इंजेक्टरची वायर पावसाळ्यात दोनदा कुरतडली. डांबरगोळ्या ठेवल्या तर उंदीर गोळ्यांशेजारी घर करून राहिला. तंबाखूची पानं लटकवली, काही फरक नाही. शेवटी रात्री बॉनेट उघडं ठेवतो, अंधार आणि ऊब मिळाली नाही की ते येत नाहीत असं वॉचमन म्हणतो. सध्या तरी गप्प आहेत.

---

डिझेलभक्त

बीएस६ डिझेलवाल्यांसाठी एक ओळ: छोट्या फेऱ्या तुम्हाला याहून महागात पडतात. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) साफ करायला इंजिन जास्त डिझेल इंजेक्ट करतं, ती साफसफाई अर्धवट राहिली की डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पट्टीवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढतं. चढलं तर तसंच चालवू नका, बदला. आणि ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या कमी राखेच्या श्रेणीचंच, नाहीतर डीपीएफ चोंदतो. महिन्यातून एकदा तरी हायवे दाखवा. ते जमत नसेल तर पुढची गाडी पेट्रोल घ्या. मी डिझेलभक्त असून सांगतोय.

---

मंदगती

आणि ई२० चं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं काय? त्याने ऑइल अजून खराब होतं म्हणतात.

---

काळे_सोने

एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या ई२० साठी बनवलेल्या नाहीत, काकांची त्यातलीच. इथेनॉल पाणी ओढून घेतं. ते ७८ अंशांना उकळतं, म्हणजे ऑइल नीट तापलं तर उडून जातं, नाही तापलं तर आतच राहतं. पुन्हा मुद्दा तोच, तापवा. टाकीत अर्धा लिटर पेट्रोल ठेवून गाडी महिनोन्महिने उभी करू नका. रिकाम्या टाकीत दमट हवा भरते.

---

पेठेतला पाहुणा

सगळ्यांचे आभार, आता वृत्तांत.

पट्टीचा वास घेतला. पेट्रोलचा दर्प स्पष्ट होता. मित्रालाही हुंगायला लावला, तो म्हणाला "सर्दी झालीय मला."

मग शनिवारी सर्व्हिस सेंटर सोडून गल्लीतल्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने आधी मला सिंहगड रोडला चक्कर मारायला लावली. ऑइल गरम असलं की पाणी-गाळासकट खाली येतं, म्हणाला. गाडी रॅम्पवर चढवून चेंबरचा नट काढला. आधी काही थेंब पाण्याचे दिसले आणि मगच ऑइलची धार लागली. मिस्त्री म्हणाला, "काका, हे बघा तुमचं रोजचं प्राणायाम." पंधरा मिनिटं निथळू दिलं. नवा फिल्टर लावताना त्याच्या रबराला बोटाने ऑइल चोपडलं, हाताने बसवला आणि रबर टेकल्यावर पाऊण वळण दिलं, पाना लावला नाही. नटाचा जुना वॉशर फेकून नवा टाकला. ऑइल थोडं थोडं घालून पट्टी पाहत गेलो. इंजिन चालू करून बंद केलं, पाच मिनिटं थांबलो आणि पुन्हा पाहिलं. तीन लिटरच्या आसपास लागलं.

हिशोब: ५डब्ल्यू-३० एसपीचा साडेतीन लिटरचा डबा १,५५०, फिल्टर ११०, वॉशर ३०, मजुरी ३००. एकूण १,९९०.

रोजची दहा मिनिटं बंद केली. आता दर पंधरा दिवसांनी रविवारी दिवे घाटातून सासवड, पस्तीसेक किमी जायचे आणि तेवढेच यायचे. सौ.ना आधी पटलं नव्हतं, आता अंजिरांचा आणि सीताफळांचा हंगाम त्या स्वतःच सांगतात. झाकण काल पाहिलं, फेस जवळजवळ गेलाय. आणि काल मित्राने हळूच विचारलं, "तो मिस्त्री किती वाजता उघडतो रे?"

एक राहिलं. डब्यात अर्धा लिटर ऑइल उरलंय. नातवाच्या बाइकमध्ये चालेल का?

---

गॅरेज_नाशिक

बाइकमध्ये अजिबात नको. तिचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. गाडीच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करायची द्रव्यं असतात, त्याने क्लच घसरायला लागेल. बाइकच्या डब्यावर "जासो एमए" लिहिलेलं असतं, तेच तिला. उरलेल्या डब्याचं झाकण घट्ट लावा, वर मार्करने तारीख लिहा आणि डिकीत ठेवा. सासवडच्या एक-दोन फेऱ्यांनंतर पट्टी पाहा, कमी दिसली तर त्यातलंच घाला. आता कमी झालं तर घाबरू नका.

काढलेलं ऑइल मिस्त्रीने कुठे टाकलं ते मात्र विचारून घ्या. गटारात ओतत असेल तर कान धरा, ते घातक कचऱ्यात मोडतं. आमच्याकडे पिंपात साठवतो, महिन्याला परवानाधारक माणूस येऊन पैसे देऊन घेऊन जातो.

---

पेठेतला पाहुणा

विचारलं. त्याच्याकडेही पिंप आहे, दोनशे लिटरचं.